दोन छापील आधार

मागच्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो बँकेत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात मराठी लेख लिहितो. तिथं कुणीही लिहू शकतं आणि दुसरं कुणीही ते खोडू शकतं, हे त्यानंच मला पूर्वी समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी तो चिडलेला होता. आपल्या भागातल्या एका हयात माणसावर त्यानं लेख लिहिला होता आणि त्यातली दोन वाक्यं कुणीतरी तासाभरात काढून टाकली होती. जिवंत माणसाबद्दल वावगं काही लिहायचं तर आधार भक्कम पाहिजे. तो नसेल तर चर्चा करत बसू नका, आधी ते वाक्य काढा, असा तिथला नियम म्हणे.

"सर, दोन छापील आधार दिले होते मी," तो म्हणाला. "दोन. आणखी काय पाहिजे ह्यांना?"

मग तो मुद्द्यावर आला. तिसरा आधार म्हणून त्याला आमचा जुना परिचयकोश हवा होता.

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. दोन छापील आधार. हेच शब्द मी एकदा इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्यात, भरल्या मंडपात, चालू ध्वनिक्षेपकासमोर उच्चारले होते, आणि जवळजवळ त्याच सुरात. पुढं काय झालं ते मी घरातही कधी धड सांगितलेलं नाही. त्या दुपारी विद्यार्थ्याला सांगितलं. आता लिहून ठेवतो आहे.

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. नुकती तिशी गाठली होती. त्या सुमारास एका निवृत्त मुख्याध्यापकांनी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या माणसांचा परिचयकोश करायला घेतला. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणायचो. मोठ्या पुढाऱ्यांवर लिहायला पुण्या-मुंबईची माणसं आहेत, आपण विहिरी खणणाऱ्यांवर, तालमी चालवणाऱ्यांवर, बाळंतपणं करणाऱ्यांवर लिहू, असं त्यांचं म्हणणं. मी सहसंपादक झालो.

गुरुजींची काम करण्याची एक पद्धत होती. पिवळसर जाड कागदाची कार्डं त्यांनी कापून घेतली होती. पुढं माहिती लिहायची, मागं एक रिकामी चौकट. माणूस हयात असेल तर त्याची नोंद त्याच्या घरी जाऊन, दारात उभं राहून, मोठ्यानं वाचून दाखवायची. आत बसायचं नाही. आत बसलं की चहा येतो, आणि चहा घेतल्यावर खरं बोलायची पंचाईत होते, असं ते म्हणायचे. शिवाय दारात वाचलं की शेजारीपाजारी ऐकतात, आणि शेजाऱ्यांसमोर माणूस स्वतःला फार फुगवत नाही. वाचून झालं की मागच्या चौकटीत त्या माणसाची सही, नाहीतर अंगठा. चौकट भरल्याशिवाय कार्ड छापखान्यात जायचं नाही.

पहिलं वर्ष आम्ही असंच हिंडलो. कन्हेरीच्या एका बागायतदारानं आपल्या नोंदीत 'जलतज्ज्ञ' हा शब्द घालायला लावला, कारण त्याच्या विहिरीला भर उन्हाळ्यात पाणी लागलं होतं. गुरुजींनी तो शब्द वाचला तेव्हा आतून त्याची बायको म्हणाली, "पान्याची जागा मामंजींनी दावली व्हती. ह्यांनी निस्ता नारळ फोडला." शेजारचे हसले. गुरुजींनी शांतपणे 'जलतज्ज्ञ' वर काट मारली. इंदापुरातले एक मुसलमान कापड व्यापारी मात्र उलटे निघाले. आम्ही लिहिलेलं 'दानशूर' त्यांनी काढायला लावलं. "काढा गुरुजी ते," ते म्हणाले, "उद्या दुकानापुढं रांग लागंल."

मला या हिंडण्याचा कंटाळा यायला लागला. हे कबूल केलं पाहिजे. रविवार जायचा, ऊन लागायचं आणि एकेका नोंदीला चार-चार तास जायचे. शिवाय मला खरंच वाटायचं की माणसाला त्याच्याविषयी विचारणं हीच चुकीची रीत आहे. प्रत्येक जण स्वतःला वाढवून सांगतो. त्यापेक्षा छापील कागद तटस्थ असतो. मी गुरुजींपुढं प्रस्ताव मांडला: एखाद्या माणसाबद्दल दोन वेगवेगळे छापील आधार मिळाले, तर दारातल्या वाचनाची सक्ती नको.

गुरुजींनी हातातलं कार्ड उलटून मागची चौकट बघितली. मग विचारलं, "छापणाऱ्याला कुणी सांगितलं, हे कोण बघणार?"

मी हसलो. असा मागं मागं शोध घेत गेलो तर कोश पुढच्या शतकात निघेल, असं काहीतरी बोललो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पायही सुजायचे. त्यांनी मान डोलावली. नियम बदलला. बदलणारा मी होतो.

त्यानंतर कोणत्या कार्डांसाठी मी दारात गेलो आणि कोणत्या कार्डांना छापील कागद पुरे मानले, हे त्या कार्डांच्या गठ्ठ्यात आजही दिसतं. मी स्वतःला जातपात न मानणारा समजत होतो. वर्गात तसं बोलतही होतो. पण ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आणि ओसरी होती, त्यांच्याकडं मी गेलो. रिकाम्या चौकटीची बहुतेक कार्डं गावाच्या दुसऱ्या अंगाला राहणाऱ्यांची होती. हे मी तेव्हा ठरवून केलं नव्हतं, आणि ठरवून केलं नव्हतं म्हणून मला आता जास्त धक्का बसतो.

त्यातलं एक कार्ड लासुर्ण्याच्या नर्सबाईंचं होतं. बाई बौद्ध कुटुंबातल्या. गावातून शिकून सरकारी नर्स झालेल्या पहिल्या. त्यांचं घर कालव्यापलीकडं, विहाराच्या शेजारी. लासुर्ण्याला मी त्या वर्षी चार वेळा तरी गेलो होतो, कारण तिथल्या एका मोठ्या ऊस बागायतदाराला आपल्या नोंदीतलं एक विशेषण पसंत पडत नव्हतं. चारही वेळा माझी स्कूटर कालव्याच्या अलीकडं उभी राहिली.

बाईंबद्दल मला दोन छापील आधार मिळाले होते. एक इंदापूरच्या पाक्षिकाचा आरोग्यावरचा विशेषांक आणि दुसरी एका मंडळाची स्मरणिका. दोन्हीत एक गोष्ट सारखी होती. ती मी नोंदीत घेतली. मला आठवतं, घेताना मला थोडं बरंच वाटलं होतं. नुसती भलावण नको, नोंद समतोल पाहिजे, असं मी गुरुजींना म्हणालो होतो.

कोश छापून आला. तीनशे प्रती. शाळांना, वाचनालयांना, ग्रामपंचायतींना वाटल्या. बहुतेक ठिकाणी त्या कपाटात गेल्या. लासुर्ण्यातही ग्रामपंचायतीच्या कपाटात गेली असणार, कारण पुढचे काही महिने कुणी काहीच बोललं नाही.

मग नर्सबाई निवृत्त झाल्या. गावातल्या बायकांनी शाळेच्या मैदानावर निरोपाचा कार्यक्रम ठेवला आणि कोशाचे संपादक म्हणून मला बोलावलं. गुरुजींना प्रवास जमत नव्हता. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. मंडप भरलेला होता, पुढं बायका आणि मुलं, मागं पुरुष. सातवीतल्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. बाई व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. ठेंगण्या, सडपातळ, पांढरं पातळ, हातात घड्याळ. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

परिचय करून द्यायला एक तरुण शिक्षक उभे राहिले. त्यांनी कपाटातला कोश आणवला होता. म्हणाले, बाईंचा परिचय मी काय करून देऊ, त्यांचं नाव तर आता ग्रंथात आलं आहे. टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. त्यांनी पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. आधी वाचून बघायला त्यांना वेळ मिळाला नसावा. जन्म, शिक्षण, कोणत्या उपकेंद्रावर किती वर्षं. सेवाभावी व कष्टाळू स्वभाव. आणि मग त्याच लयीत, त्याच मोठ्या आवाजात: मात्र त्यांनी दिलेल्या इंजेक्शनानंतर एक बालिका दगावली व त्यामुळे त्यांची बदली...

ते थांबले.

पुढच्या बायकांतून एक बाई उठली. मजुरी करणारी, पदर खोचलेला. तिनं विचारलं, "कोन दगावली?"

शिक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. ती बाई शाळेच्या मुलींच्या ओळीकडं गेली आणि नुकतंच गाणं म्हटलेल्या मुलींतल्या एकीला दंडाला धरून तिनं उभं केलं. लांब वेण्या, निळा परकर, अंगापिंडानं चांगली मजबूत मुलगी.

"हीच ती," ती म्हणाली. "ही बगा. बाईंनी वाचवलेली. कोन म्हनतंय मेली म्हून?"

मागं कुणीतरी हसलं. हसू चार-सहा जणांत पसरलं आणि तिथंच विरलं. ती मुलगी मात्र घाबरून, आपला दंड धरलेल्या आईकडं बघत होती.

मी एक जिवंत मुलगी मेली असं लिहिलं होतं. ते छापलं होतं. तीनशे प्रतींत. आणि ती समोर उभी होती, तिच्या वेणीत अबोलीचा गजरा होता.

नर्सबाई उठल्या. शिक्षकांच्या हातातून त्यांनी कोश घेतला, चष्मा लावला आणि ते पान बोट फिरवत स्वतः वाचलं. घाई नव्हती. मग माझ्याकडं वळल्या.

"सर, हे तुमी लिवलं?"

"हो."

"कुनी सांगितलं तुमाला?"

आणि मी म्हणालो, "दोन छापील आधार आहेत, बाई."

ध्वनिक्षेपक चालू होता. माझा आवाज मंडपाच्या टोकापर्यंत गेला आणि कर्ण्यातून शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. इतकं निर्लज्ज वाक्य मी आयुष्यात दुसरं उच्चारलेलं नाही. तरी त्या क्षणी मी ते प्रामाणिकपणे उच्चारलं होतं. मला खरंच वाटत होतं की चूक त्या दोन कागदांची आहे.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मग ते दोनी घिऊन माझ्या घरी या. मला बी बगायचेत. इतकी वरसं झाली, मला येकच जानून घ्यायचंय. पयलं कुनी लिवलं." मग त्यांनी शिक्षकांना सांगितलं की पोरींना गाणं पुन्हा म्हणू दे, पोरगी घाबरलीय. मुलींनी पुन्हा गाणं म्हटलं. मी खाली मान घालून बसलो होतो.

कार्यक्रमानंतर त्या मुलीच्या आईनं मला खरी हकिगत सांगितली. मुलगी दीड वर्षाची असताना तापात तिला आकडी आली होती. इंजेक्शन कुणी दिलंच नव्हतं. बाईंनी पोर ओल्या फडक्यात गुंडाळली, रस्त्यावर कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर अडवला, मागची ट्रॉली सोडायला लावली आणि नुसत्या मुंडक्यावर, म्हणजे पुढच्या इंजिनावर, बसून बारामतीचा दवाखाना गाठला. चार दिवसांनी पोर हसत परत आली. हे सगळ्या लासुर्ण्याला माहीत होतं. लासुर्ण्यात एकाही माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं.

पुढच्याच आठवड्यात मी शोधायला निघालो. स्मरणिका काढणारा माणूस इंदापुरात खताचं दुकान चालवत होता. त्यानं पोत्यांमागून स्मरणिकेची फाईल काढली. त्याला वाईट वाटलं, पण फार नाही. "मी कशाला चवकशी करू?" तो म्हणाला. "छापून आलेलं व्हतं की." त्यानं ज्यातून घेतलं होतं ते त्याच फाईलमध्ये टाचलेलं होतं: पाक्षिकाचा विशेषांक. म्हणजे माझा दुसरा आधार माझ्या पहिल्या आधारातूनच निघाला होता. दोन आधार नव्हतेच. एकच होता.

त्या विशेषांकात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की माहिती बारामतीच्या एका साप्ताहिकातल्या बातमीवरून घेतली आहे. ही ओळ कोशाचं काम करताना माझ्या नजरेतून सुटली होती, की मी ती वाचून पुढं गेलो होतो, ते मला आठवत नाही.

ते साप्ताहिक कधीच बंद पडलं होतं. त्याचे बांधीव अंक बारामतीच्या वाचनालयात होते. मी दुपारी गेलो. ग्रंथपालांनी धूळ झटकून तीन जाड खंड टेबलावर ठेवले. बातमी दुसऱ्या खंडात सापडली. तिसऱ्या पानावर, बियाण्यांच्या जाहिरातीच्या वर, सहा ओळी. लासुर्णे येथे परिचारिकेने दिलेल्या इंजेक्शनामुळे एक बालिका दगावल्याची परिसरात चर्चा आहे. याप्रकरणी चौकशीची मागणी होत आहे.

वर सदराचं नाव होतं. ते सदर मी लिहायचो.

महाविद्यालयात शिकत असताना वर्षभर मी त्या साप्ताहिकाचं काम केलं होतं. आठवड्याला पाऊण पान भरून द्यायचं. नाव छापत नसत. मी ते पान तीन-चार वेळा वाचलं. मग बाजूची पानं उलटली, मागच्या आठवड्याचा अंक बघितला, पुढचा बघितला. माझ्याच लिहिण्याची ठेवण. 'याप्रकरणी चौकशीची मागणी होत आहे' हे वाक्य मी तेव्हा दर दुसऱ्या बातमीला लावत असे. मागणी कुणी केलेली नसे. ग्रंथपालांनी पाणी आणून दिलं, म्हणजे माझा चेहरा तसा दिसत असणार.

हळूहळू आठवलं. एसटी स्टँडवरचं कँटीन. एक माणूस दुसऱ्याला सांगत होता की लासुर्ण्याच्या नर्सला त्यानं ट्रॅक्टरवर बघितलं, मांडीवर पोर लोंबत होती, आई ऊर बडवत होती, गेली बिचारी. इंजेक्शन बाधलं असंल, दुसरा म्हणाला. एवढंच. त्यांनी निम्मं बघितलं, निम्मं अंदाजानं बोलले, आणि मला त्या आठवड्यात सहा ओळी कमी पडत होत्या.

मी लिहिलं 'चर्चा आहे'. पाक्षिकानं लिहिलं 'वृत्त आहे' आणि पुढं झालेली बदली त्याला जोडली. स्मरणिकेनं दोन्ही गाळलं. आणि दहा-अकरा वर्षांनी मी स्वतःचीच अफवा छापील पुरावा म्हणून परत उचलली. तिला एक समतोल 'मात्र' जोडला आणि कोशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींकडं गेलो. त्यांच्या एका डोळ्यावर शस्त्रक्रियेची पट्टी होती. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "कार्डाची मागची चौकट रिकामी होती ना? मग ते पान मी छापू कसं दिलं?" मला वाटलं होतं ते मला बोलतील. त्यांनी स्वतःलाच विचारलं. ते मला जास्त लागलं.

लासुर्ण्याला मी एसटीनं गेलो. स्कूटर न्यायची लाज वाटत होती. कालवा ओलांडला, विहाराच्या बाजूनं गेलो. नर्सबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी जयभीम म्हणालो. त्यांनी उत्तर दिलं, सूप बाजूला ठेवलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. मीही बसलो नसतो.

मी पिशवीतून स्मरणिका काढली, विशेषांक काढला आणि साप्ताहिकातल्या बातमीची मी हातानं केलेली नक्कल काढली. नक्कल बघताच त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्लॅस्टिकची फाईल होती. वर नोकरीच्या नेमणुकीचा कागद, आणि त्याच्याखाली, घडीवर फाटायला आलेलं, तेच कात्रण.

"ह्यो माझ्याकडं हाय," त्या म्हणाल्या. "ह्येच्यावरनं चवकशी लागली. चवकशीत पोर जित्ती निघाली, तरी बदली काय ऱ्हायली न्हाय. चार वरसं. माझ्या पोराची धावी अन् बारावी मी टपालानं केली. मी त्या हाफिसला पत्र लिवलं, सोता जाऊन आले. नाव सांगत न्हाय म्हनले."

ते पत्र कार्यालयात आलं असेल तेव्हा मी तिथं होतो. ते माझ्या टेबलावर आलं होतं का, मी ते वाचलं होतं का, मला आठवत नाही. आठवत असतं आणि मी वाईट ठरलो असतो तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

"ते मी लिहिलं होतं," मी म्हणालो.

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. कात्रणाकडं बघत होत्या. शेजारच्या घरातली एक म्हातारी भांडी घासायची थांबली.

"वय काय व्हतं तुमचं?"

"वीस."

"पोरगं व्हता," त्या म्हणाल्या. मग कात्रणावर बोट ठेवून म्हणाल्या, "अन् आता?"

मी नकलेची घडी घालायला लागलो.

"आता तर शानं झाला व्हता ना. लासुर्न्याला बी येत व्हता. तुमची गाडी बगितलीय मी, कालव्याच्या अल्याड लावलेली. तवा पूल वलांडला असता तर दार उघडंच व्हतं."

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकून घेतली. मग नव्या कार्डावर मी सुधारलेली नोंद लिहून आणली होती ती काढली. त्या म्हणाल्या, "वाचा." मी दारात उभा राहून मोठ्यानं वाचायला लागलो. म्हातारी जवळ आली, समोरच्या घरातले दोघे आले. पहिल्याच ओळीला बाईंनी हात वर केला.

"सेवाभावी काडा."

"का? खरं आहे ते."

"मला पगार व्हता. नोकरी केली म्हना. नीट केली म्हना."

मी काट मारली. पुढं मी लिहिलं होतं: छापील नोंदीतील एक विधान अनवधानाने चुकीचे छापले गेले, त्याबद्दल दिलगीर आहोत. तिथं त्यांनी पुन्हा हात वर केला.

"छापलं गेलं म्हंजी? आपोआप गेलं व्हय? कुनी लिवलं ते लिवा. पयलं कुनी, अन् मागनं कुनी."

मी तिथंच, गुडघ्यावर कार्ड ठेवून लिहिलं. की हे विधान खोटं आहे. की ते पहिल्यांदा मी एका साप्ताहिकात ऐकीव गोष्टीवरून लिहिलं. की तेच पुढं फिरून माझ्याकडं आलं आणि मी न विचारता कोशात घातलं. की ती मुलगी जिवंत आहे आणि तिला या बाईंनीच वाचवलं. वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, "आता बराबर झालं."

कार्ड उलटं करून मी मागची चौकट बाईंपुढं धरली. त्यांनी पेन घेतलं नाही. "मी कशाला सही करू? मी काय लिवलंय? तुमी करा," असं म्हणाल्या. आमच्या सगळ्या गठ्ठ्यात मागच्या चौकटीत संपादकाची सही असलेलं ते एकच कार्ड आहे.

गुरुजींनी त्या मजकुराखाली स्वतःचंही नाव घालायला लावलं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यानं मजकूर वाचून माझ्याकडं दोनदा बघितलं. तीनशे चिठ्ठ्या छापल्या आणि खळीचा डबा घेऊन मी एकटा हिंडलो. एकेक गाव, एकेक शाळा. प्रत कपाटातून काढायची, पान उघडायचं, चिठ्ठी चिकटवायची. जो कुणी तिथं असेल त्याला ती वाचून दाखवायची, हेही मी स्वतःवर घालून घेतलं. बहुतेक ठिकाणी लोकांना नवल वाटायचं. एकानं विचारलं, कुणाला कळलंही नसतं, मग कशाला फिरता. पळसदेवला गेलो तेव्हा धरणाचं पाणी उतरलेलं होतं, एरवी पाण्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलेलं होतं, आणि वाचनालयाची किल्ली असलेला माणूस मासे घेऊन भिगवणच्या बाजाराला गेला होता. तो येईपर्यंत मी काठावर बसून राहिलो. लासुर्ण्याच्या प्रतीवर चिठ्ठी त्या मुलीनंच चिकटवली. तिनं ती सगळ्यांदेखत वाचली आणि आईला विचारलं, "म्हंजी मी एवढे दिवस मेले व्हते?" आई म्हणाली, "गप, नीट चिकटव."

एकोणीस प्रती मला कधीच सापडल्या नाहीत. कुणी घरी नेल्या, कुठं रद्दीत गेल्या. त्यातली एखादी आज कुणाच्या तरी हातात असेल, आणि तो तिच्यावरून काहीतरी लिहीत असेल, छापील आधार म्हणून. विद्यार्थी कोश मागायला आला तेव्हा मला आधी त्या प्रती आठवल्या.

मी त्याला माझी प्रत दिली. त्या पानावरची चिठ्ठी वाचायला लावली. आणि म्हणालो, तुझे दोन आधार कुणाकडून आले ते आधी शोध, आणि तो माणूस हयात आहे तर एसटीनं त्याच्या गावी जा. तो म्हणाला, "सर, तिकडं तसं चालत नाही. आपण स्वतः जाऊन विचारून आलेलं ते लोक आधार धरत नाहीत." मी म्हणालो, लेखात नको घालू, पण लिहिण्याआधी जा.

नर्सबाई आता थकल्या आहेत, पण कान तिखट आहेत. हा मजकूर लिहून झाल्यावर मी लासुर्ण्याला गेलो आणि त्यांच्या दारात उभा राहून तो पहिल्यापासून वाचून दाखवला. नावं कुणाचीच नकोत, त्या मुलीचं तर मुळीच नको, तिला आता दोन मुलं आहेत, असं त्यांनी सांगितलं. म्हणून यात नावं नाहीत. शेवटाजवळ मी एक वाक्य लिहिलं होतं, की बाईंनी मला मोठ्या मनानं माफ केलं. तिथं त्यांनी हात वर केला.

"हे मी कवा म्हनले?"

मी आठवून बघितलं. त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते वाक्य मी काढलं आहे.